तातेरावचा कोनाडा

राजूर,
१० फेब्रुवारी २००३

चि. मच्छिंद्र,

सगळ्यात आधी कोण आलं म्हनशील तर कांताबाई. पाव्हण्यांच्याबी आधी. माझी अजून वेणी व्हायची होती, तुझी माय कौसल्या पोह्यांचा कांदा चिरून राह्यली होती, आन् ही शेजारीन इरकली लुगडं नेसून, नथ अडकवून दारात उभी. म्हनली, "म्हनलं काही हातभार लागंल." हातभार कशाचा रे, जी बैठकीत जाऊन बसली ती सतरंजीच्या मधोमध. पाव्हणे बघायला येनार तुझ्या बहिणीला, बेबीला, आन् सजून बसली ही.

मंग धावड्याचे पाव्हणे आले. पुढं पोराचा बाप रखमाजी, मागं माय उषाबाई, त्याच्या मागं पोरगा, आन् शेवटी आपला तातेराव, कारण सोयरीक त्यानंच आणलेली. रखमाजीनं आल्या आल्या कांताबाईला हात जोडले. "विहीणबाई, बरं हाय ना?" कांताबाईबी कमी न्हाई, "बरं हाय की, बसा" म्हनली. तुझी माय आतून बघून राह्यली, तोंडात पदराचा बोळा. बेबीनं चहा आणला तर रखमाजीनं कप सोडून ताटाचा काठच धरला. मी म्हनलं मानूस भोळा दिसतो.

पोराचं नाव कचरू. त्याच्या आधीची दोन लेकरं राह्यली न्हाईत, मंग हे जगावं म्हणून असं नाव ठेवलं. नाव तसं, पन पोरगा टापटीप. भोकरदनला मोटारी भरायचं दुकान हाय. विहिरीवरची मोटार जळली की जुनी तार काढून नवी भरतेत, ते काम. दोघांला बोलायला मधल्या खोलीत बसवलं आन् मी राखणीला शेंगा फोडत बसले. मला ऐकू कमी येतं असं समद्यांला वाटतं ते बरंच हाय.

पोरगा किती येळ छताकडंच बघून राह्यला. मंग म्हनला, "हा पंखा उलटा फिरून राह्यला."

बेबी म्हनली, "चार वर्सं झाली तसाच फिरतो."

"कोणाला कळलं न्हाई?"

"मला कळलं होतं. म्हनलं कोणी इचारलं तर सांगू."

मंग दोघंबी हसले बाबा. मी शेंगा टरफलासकट डब्यात टाकल्या. पाव्हणे गेल्यावर बेबीनं आपल्या मनानं स्टूल घेऊन पंखा पुसला. ती पोरगी बालवाडीतल्या चाळीस लेकरांला गप बसवती, पन स्वतःचं काही सांगायचं म्हनलं की मुकी. मी वळखलं. तिला हेच घर पाहिजे.

आता निरोपाची वाट बघनं. आपल्यात हो न्हाई तोंडावर म्हनत न्हाईत. चतुर्थीला गणपतीला समदा तालुका राजूरला येतो, तातेराव देवळाजवळ बसून ज्याचा त्याचा निरोप घेतो आन् दुपारून घरोघर पोचवतो. त्याचा बापबी हेच करायचा.

एक राह्यलं. उषाबाईनं इचारलं, मोठा भाऊ पुण्याला काय करतो. तुझा बाप अप्पाराव म्हनला, कंप्युटर. ती म्हनली, कंप्युटरवर काय? आमच्याआधी कांताबाईच म्हनली, टाईपिंग. नातू माझा आन् सांगनार कांताबाई, मला लई राग आला. तर तू काय करतो ते नीट, मला कळंल असं लिहून पाठव. फोनवर सांगू नको, बूथवर पाच मानसं कान देऊन बसतेत. साक्षरतेच्या वर्गात एवढं घासून शिकले ते काय दुकानाच्या पाट्या वाचायला?

तुझी मोठीमाय
द्वारकाबाई

&nbsp;

पुणे,
१६ फेब्रुवारी २००३

मोठीमाय,

तुझं पत्र माझ्या खोलीतल्या तिघांनी मिळून वाचलं. आता ते मला रोज विचारतात, पंखा सरळ केला का.

माझं काम सांगतो. चतुर्थीला परगावचा माणूस राजूरला उतरतो आणि कोणाला तरी विचारतो, "अप्पारावांचं घर कुठंय?" कंप्युटरलाही दुसऱ्या कंप्युटरकडे जायचं असलं की असंच विचारावं लागतं. नाव ठाऊक असतं, घर ठाऊक नसतं. प्रोग्राममधे एकेका कामाला एकेक गडी नेमलेला असतो, त्याला फंक्शन म्हणतात. पत्ता विचारून आणणारा आमचा जुना गडी म्हणजे गेटहोस्टबायनेम. नाव मोठं आहे, तू नुसतं गडी म्हण.

पत्ता सापडला तर प्रश्न नाही. सापडला नाही तर का सापडला नाही ते कळायला पाहिजे. असं नाव जगात नाहीच, हे एक कारण. आत्ता कळत नाही, थोड्या वेळाने परत विचारा, हे दुसरं. नाव आहे पण त्याला पत्ताच नाही, असंही असतं. पहिलं कारण असेल तर नाद सोडायचा. दुसरं असेल तर नाद सोडायचा नाही. एवढा फरक आहे.

आता गंमत बघ. जुना गडी हे कारण विचारणाऱ्याच्या हातात देत नाही. एका कोनाड्यात ठेवतो आणि निघून जातो. कोनाड्याचं नाव एच-एररनो. सगळ्या घराला तो एकच. पूर्वी एका वेळी एकच जण विचारायचा, तेव्हा चालून गेलं. आता आमच्या प्रोग्राममधे एकाच वेळी पन्नास जण विचारत असतात. याचं कारण कोनाड्यात ठेवलं, हा ते घ्यायला जाईपर्यंत त्यावर दुसऱ्याचं कारण येऊन पडतं. ज्याला "परत विचारा" मिळायचं त्याला मिळतं "असं कोणी नाहीच". तो बिचारा नाद सोडून देतो. आमच्या जुन्या मशीनवर गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या अशाच मधेच गायब होत होत्या आणि कोणाला कारण कळत नव्हतं.

तर मी जुना गडी जिथे जिथे आहे तिथे नवा नेमतो आहे. त्याचं नाव गेटॲडरइन्फो. तो कारण ज्याचं त्याच्या हातात ठेवतो. आमच्या प्रभावती मॅडमनी हे काम मला एकट्याला दिलंय. ते जमलं तर मी कंपनीत कायम.

उषाबाईंना एवढं सगळं सांगू नकोस. सांग, निरोप पोचवायची यंत्रं दुरुस्त करतो. कचरूला पटेल. आणि बेबीला म्हणावं, पंखा मी येईपर्यंत उलटाच राहू दे.

मच्छिंद्र

&nbsp;

राजूर,
२४ फेब्रुवारी २००३

चि. मच्छिंद्र,

चतुर्थी झाली. तातेराव आला, चहा पेला, बशी खाली ठेवली आन् म्हनला, "काकू, धावड्याचं जमत न्हाई. न्हाई म्हनले."

मी म्हनलं, "काहून?"

"ते काही बोलले न्हाईत. न्हाई म्हनले एवढंच."

तुझा बाप म्हनला, बरं. तुझी माय म्हनली, त्यांचं नशीब. बेबी मागं जाऊन घासलेलंच पातेलं परत घासत बसली. आवाज बंद होईना तवा मी गेले. म्हनलं, "पोरी, त्याचं बूड जाईल." तर हसली. हसली तेच मला बघवलं न्हाई.

आता ऐक. काल पुष्पाबाई आल्ती, गल्लीच्या टोकाची. तिच्याबी पोरीला पाव्हणे येऊन गेल्ते, जाफराबादकडचे, तेबी तातेरावनंच आणलेले. तिला म्हनलं तुझं काय झालं. म्हनली, "थांबा म्हनलेत. सासऱ्याचा डोळा कापायचाय, तो झाला की बोलू म्हनलेत. मी तर गणपतीला नारळ बोलले त्या डोळ्यापायी."

मी म्हनलं, पुष्पे, कोणत्या सासऱ्याचा डोळा? तो जाफराबादचा मानूस सोताची जीप चालवत आल्ता. आपल्या दारासमोरच्या खांबावर बारीक अक्षरात कापसाचा भाव चिकटवलाय, तो त्यानं जीपमधून उतरता उतरता वाचून दाखवला. मी सोताच्या कानानं ऐकलं. त्याला कशाचा मोतीबिंदू?

ती गेली आन् मला तुझा कोनाडा आठवला. तुझं पत्र काढून परत वाचलं. मच्छू, तातेरावचं डोकं म्हंजे कोनाडाच न्हाई का? एकच. चतुर्थीला सकाळी धावड्याचे भेटले असतील, दुपारी जाफराबादचे. वरचं खाली, खालचं वर. जाफराबादच्यांचं "न्हाई" माझ्या दारात आलं असंल आन् धावड्याच्यांचा डोळा पुष्पीच्या दारात गेला असंल. रखमाजीनं कांताबाईला हात जोडले ते भोळेपनानं जोडले का दिसत नव्हतं म्हणून जोडले?

हे मी तुझ्या बापाला सांगितलं. तो म्हनला, "माय, कंप्युटरचं तातेरावला लावू नको. आन् पोरीकडच्यांनी परत जाऊन इचारायचं म्हंजे पोरगी जड झाली असं लोक म्हनतेत." खरं हाय त्याचं. अशानं पोरीचं नाव जातं. पन विहिरीवरची मोटार दिवाळीपासून गुरगुर करून राह्यली. ती भोकरदनला न्यावीच लागंल. मोटार न्यायला तर कोणी काही म्हनत न्हाई ना?

त्या तुझ्या जुन्या गड्याला एकदम हाकलून देऊ नको. इतके वर्सं राबला बिचारा.

मोठीमाय

&nbsp;

पुणे,
२ मार्च २००३

मोठीमाय,

जुन्या गड्याला कोणी हाकलत नाही. ज्यांचे जुने प्रोग्राम आहेत त्यांच्यासाठी तो जागेवरच असतो. फक्त नव्या कामाला त्याला बोलवायचं नाही, एवढंच ठरलंय. तेव्हा त्याची काळजी सोड.

तातेराव काकांचं तू म्हणतेस ते शक्य आहे. मी तर म्हणेन तसंच असणार. पण ते तातेराव काकांना विचारून कळायचं नाही, कारण त्यांना वाटतं ते बरोबरच सांगतायत. कोनाड्याला काय ठाऊक कोणाचं कोणाला गेलं. ज्याचं उत्तर आहे त्याच्याकडूनच घ्यायला पाहिजे. मोटार ने. बाबांना मी फोनवर सांगतो की मोटारीचा आवाज मला पुण्यापर्यंत येतोय.

बेबीला आधी काही सांगू नकोस. आशा लावून परत मोडली तर ती तिसऱ्यांदा पातेलं घासेल.

माझं काम झालंय. सगळीकडे नवा गडी बसवला. उद्या मॅडमना दाखवायचं आहे. शर्ट इस्त्रीला दिलाय.

मच्छिंद्र

&nbsp;

राजूर,
९ मार्च २००३

चि. मच्छिंद्र,

जाऊन आले. तुझ्या बापानं मोटार टमटममधी चढवून दिली आन् सोता मागं राह्यला, म्हनला मला कोणी बघाया नको. मी पुढं ड्रायव्हरजवळ बसले, मांडीवर डबा. डब्यात काय म्हनशील तर शेंगदाण्याच्या पोळ्या. दुकानात मोटार नेताना पोळ्या कोण नेतं, पन हातात काही नसलं की मला बोलता येत न्हाई.

दुकान छोटं हाय पन लख्ख. तारांची भेंडोळी खिळ्यांला टांगलेली, जाडीनुसार. कचरूनं मला बघितलं आन् हातातला पाना खालीच पडला. पाया पडला. मोटार फिरवून बघितली, म्हनला, "आजी, ही जळली न्हाई. नुसती बेअरिंग गेलीय."

मी म्हनलं, "मला काय ठाऊक बाबा, आवाज करती."

"कवापासून?"

"चतुर्थीपासून." म्हनलं बघू काय म्हनतो.

तो खाली बघत म्हनला, "आम्ही निरोप दिल्ता ना, आबाचा डोळा होऊ द्या म्हणून. तातेरावकाकांला सकाळीच सांगितलं, स्टँडवर."

"दिला असंल."

"तुमच्यापर्यंत आला न्हाई का?"

"आला ना. जरा फिरून आला."

"मंग थोडं थांबा आजी. आबाचा डोळा झाला की आम्ही येतो."

तर मच्छू, कोनाड्याचं तुझं माझं बराबर निघालं. डोळ्याचा निरोप आपलाच होता. येताना टमटममधी मी लई खूश होते, ड्रायव्हरला एक पोळी दिली. पन वाटंतल्या उतारावर आले आन् मनात आलं, द्वारके, तू हरखली कशाला? निरोप आपला होता खरा, पन निरोप काय होता? थांबा. आपल्या भागात न्हाई कधी न्हाई म्हणून येतं का? माय आजारी हाय, पेरणी होऊ द्या, पोराला अजून शिकायचंय, थोडं थांबा. हे समदे न्हाईच असतेत. तातेरावनं आजपर्यंत जेवढे आजारपनाचे निरोप आणले त्यातल्या एकाचंबी लग्न झालं न्हाई. जाफराबादच्यांनी तोंड फाडून न्हाई म्हनलं, धावड्याच्यांनी सभ्यपनानं म्हनलं, एवढाच फरक. पोरगा चांगला हाय, माझ्या तोंडावर म्हनू शकला न्हाई. कान तांबडे झाले होते त्याचे.

घरी आले तर बेबी दारातच. तिला मोटारीचं समदं कळलं होतं, कांताबाईनं सांगितलं असनार. मी म्हनलं, "पोरी, त्यांचं न्हाईच हाय." म्हनली, "बरं." परत एकदा पातेलं घासंल वाटलं, पन तिनं स्टूल घेतलं आन् पंख्याची तार सरळ जोडून घेतली. सोतानं. आता वारा लई येतो. मला सोसत न्हाई.

तातेराव दुसरं स्थळ घेऊन आलाय, बदनापूरकडचं. होळी झाली की बघायला येतेत. तुझ्या बापानं या म्हनून सांगितलं. बेबी हो म्हनली. ती कशालाबी हो म्हनंल आता.

तुझ्या मॅडमनं काय म्हनलं ते लिही. तेवढं तरी चांगलं यावं.

मोठीमाय

&nbsp;

पुणे,
१४ मार्च २००३

मोठीमाय,

मॅडमनी काय म्हटलं ते ऐक, आणि हे पत्र बेबीसमोर वाच. मोठ्याने.

इस्त्रीचा शर्ट घालून मी काम दाखवायला बसलो. मॅडमनी मुद्दाम नेटवर्कची तार काढली आणि म्हणाल्या, आता विचार पत्ता. बरोबर उत्तर यायला हवं होतं, "आत्ता जमत नाही, परत विचारा." पडद्यावर आलं, "असं नाव कुठेच नाही." सगळ्या खोलीसमोर. मी म्हटलं असं होणारच नाही, मी जुना गडी सगळीकडून काढलाय. मॅडमनी नुसतं पडद्यावर एका ओळीवर बोट ठेवलं.

झालं असं होतं. नव्या गड्याने कारण बरोबर माझ्या हातात दिलं होतं. पण ते कारण शब्दात वाचून दाखवायचं काम मी जुन्याच वाचणाऱ्याकडे ठेवलं होतं. तो हातात बघतच नाही. त्याला कोनाड्यात डोकवायची सवय. कोनाड्यात कधीचं तरी शिळं पडलं होतं, त्याने तेच वाचून दाखवलं. नव्या गड्याबरोबर त्याचा स्वतःचा वाचणारा येतो, जीएआय-स्ट्रएरर नावाचा. तो मी बसवलाच नव्हता. मॅडम म्हणाल्या, "विचारणारा बदललास, कान मात्र जुनेच ठेवलेस."

काल रात्री जेवताना तुझं पत्र वाचलं आणि घास हातातच राहिला. मोठीमाय, तू तेच केलंस. तातेराव काकांना वगळून थेट कचरूला विचारलंस. त्याने थेट उत्तर दिलं. आणि ते उत्तर तू तातेराव काकांच्या कानांनी ऐकलंस. त्यांच्या तोंडून आजारपण आलं की त्याचा अर्थ नाही, हे मान्य. पण कचरू मध्यस्थ नाही. ज्याने मोटार बघून "जळली नाही" म्हणून सांगितलं, त्याला नवी तार भरायचे पैसे लावता आले असते. तो माणूस आहे ते सांगतो. त्याने डोळा म्हटलं म्हणजे डोळा. थांबा म्हटलं म्हणजे थांबा.

रखमाजींनी ताटाचा काठ धरला होता, तूच लिहिलंस.

बदनापूरच्यांना येऊ देऊ नकोस. आणि बेबी, तू हे ऐकत असशील तर मोठीमायला "बरं" म्हणू नकोस. काय पाहिजे ते सांग.

माझी ओळ मी दाखवायच्या दिवशीच दुरुस्त केली. मॅडमनी परत तार काढली, परत विचारलं. या वेळी बरोबर आलं. मी कायम झालो.

मच्छिंद्र

&nbsp;

राजूर,
२७ मार्च २००३

चि. मच्छिंद्र,

तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. मी वाचताना अडखळते म्हणून अर्ध्यातून बेबीनं घेतलं, आन् तिचं नाव आलं तिथं तीबी अडखळली. तुझा बाप गोठ्यात उभं राहून ऐकत होता, त्याला वाटलं आमाला दिसत न्हाई. मंग मी बेबीला म्हनलं, बोल. तर म्हनली, "मला थांबायचं हाय." एवढंच. पन तिनं सोताच्या तोंडानं म्हनलं.

तुझा बाप गोठ्यातून म्हनला, "मंग बदनापूरच्यांला मी जाऊन सांगतो." तातेरावजवळ निरोप न्हाई दिला. सोता गेला एस्टीनं. ते म्हनले, आमच्याकडं पहिल्यांदाच कोणी न्हाई सांगायला घरी आलं, जेवून जा. जेवून आला. त्यांच्याकडचं लोणचं चांगलं होतं म्हने.

मी पुष्पाबाईकडं गेले. ते जड होतं बाबा. मी म्हनलं, पुष्पे, डोळा तुझा न्हाई, माझा हाय. तुझं 'न्हाई' होतं, ते माझ्या दारात आलं. ती म्हनली, "म्हंजे मी महिनाभर तुमच्या व्याह्याच्या डोळ्यापायी देवाच्या पाया पडून राह्यली?" मी म्हनलं, हो. म्हनली, "मंग तो नारळ तुमीच फोडा, मी न्हाई खर्चा करणार." तिची पोरगी आतून हसली. तिला जीपवाल्याचा पोरगा आवडलाच नव्हता म्हने, पन तिला कोणी इचारलं न्हाई. मी नारळ फोडला. अर्धा तिला दिला.

आन् परवा धावड्याचे आले. न बोलवता, न कळवता. तुझी माय शेण काढत होती, मी पापड वाळू घालून राह्यली होती, कांताबाईला पत्ताबी न्हाई. ते गेल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाई.

रखमाजीला काळा चष्मा. जालन्याच्या दवाखान्यात डोळा झाला, म्हनला आता सुईत दोरा घालतो. दारात उभं राहून त्यानं आधी एकेकाकडं नीट बघितलं आन् बराबर तुझ्या मायला हात जोडले. म्हनला, "विहीणबाई, मागच्या खेपेला मला समदं धुकं होतं. कोणाला हात जोडले काय ठाऊक."

मी म्हनलं, "आमच्या शेजारनीला. तिला लई आवडलं."

उषाबाई म्हनली, "मी घरी येऊन सांगितलं ह्यांला, पोरगी चांगली हाय. तर म्हनले, दुसऱ्याच्या डोळ्यानं सून बघणार न्हाई. डोळा होऊ दे, मंगच हो म्हनतो. किती भांडले मी."

"भांडली ना," रखमाजी म्हनला, "पन मी ऐकलं कवा." मंग बेबीला म्हनला, "पोरी, जरा उजेडात ये."

बेबी दारात उन्हात जाऊन उभी राह्यली. खाली बघितलं न्हाई, त्याच्याकडंच बघितलं. तो म्हनला, "हनुवटीवर तीळ हाय हिच्या. उषे, तू तीळ सांगितला न्हाईस."

"तुमी इचारलं कवा?"

कचरू कोपऱ्यात बसून छताकडं बघून राह्यला. पंखा सरळ फिरतो हे त्याच्या ध्यानात आलं. बेबीकडं बघितलं. बेबीनं मान हलवली, म्हंजे हो, मीच केला. एवढंच बोलले ते दिवसभरात. तेवढं मला कळलं.

तातेराव संगं होताच. उठायची येळ झाली आन् उषाबाई सवयीनं म्हनली, "बरं, निरोप देतो मंग तातेरावजवळ." मी म्हनलं, "न्हाई पाव्हणं. हितंच सांगा. हो म्हना, न्हाई म्हना, चहा आमी दोन्हीला देऊ."

असं कोणी म्हनत न्हाई रे आपल्यात. तुझ्या बापानं डोळे मिटले. तातेरावच्या बशीतला चहा सांडला, ते पुसायलाबी कोणी उठलं न्हाई.

रखमाजीनं चष्मा काढला. म्हनला, "आमचं हो हाय. आन् तुमचं?"

मी म्हनलं, "ते तिलाच इचारा."

बेबी म्हनली, "हो." मोठ्यानं. बालवाडीत हजेरी देतेत तसं.

मंग तातेराव म्हनला, "अन् माझं काय काम राह्यलं म्हंजे?" त्याचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं. त्यानं मुद्दाम केलं न्हाई, एका डोक्यात किती घरं ठेवायची. मी म्हनलं, "भाऊ, स्थळ तुमीच आणलं, आमाला कुठं ठाऊक होतं धावड्याला असं पोरगं हाय. घरं जुळवायचं काम तुमचंच. लग्नात पहिला फेटा तुमाला. फक्त निरोप तेवढा ज्याचा त्यालाच नेऊ द्या." तो म्हनला, "बरं झालं काकू. मला आजकाल आठवतबी न्हाई." मंग जो हसला तो थांबेना, आन् दुसरा कप मागून घेतला.

मोटार अजून कचरूच्या दुकानातच हाय. बेअरिंग घालून ठेवली म्हनला. तुझ्या बापाला म्हनलं घेऊन ये, तर म्हनला, आता आपन काय त्यांचं गिऱ्हाईक हाय का, येतील घेऊन.

तू रजा काढ. प्रभावती मॅडमला म्हनावं, तुमच्या त्या वाचणाऱ्या गड्यामुळं आमच्या घरी कार्य निघालं, त्या आल्या तर पोळ्या करीन. त्यांला पत्ता इचारावा लागणार न्हाई, स्टँडवर कोणालाबी म्हना अप्पारावचं घर. त्यांला मी वळखंन.

कुंकू लावायला उषाबाई घरच्या पाच बाया घेऊन येनार हाय, कचरू मोटार घेऊन येनार हाय. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, बेस्तरवारी, तीन एप्रिलला, सकाळच्या गाडीनं येतो म्हनलेत. आमच्या तोंडावर म्हनलेत.

मोठीमाय